उजवा पाय पुढे

मी, कावेरी बन्सीधर होगे, वय सेहेचाळीस, व्यवसाय क्रीडाशिक्षिका, राहणार मानवत, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, माझ्या स्वतःच्या हाताने, पतीच्या आडत दुकानातल्या जुन्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डोक्याला आजवर जे ठोसे बसले ते जमेस धरूनही ठिकाणावर आहे, असे डॉ. मधुवंती देशपांडे यांनी आज सकाळी तपासून सांगितले. रक्तदाब मात्र वाढलेला निघाला. "कशाचं टेन्शन घेतलंय एवढं?" त्यांनी विचारले. मी म्हणाले, "टेन्शन न्हाई मॅडम, विमान हाय."

मरायची मला अजिबात घाई नाही, हे वाचणाऱ्याने आधी समजून घ्यावे. उलट इतकी जिवंत मी बऱ्याच वर्षांत नव्हते. माझ्या धाकट्या दिरांची मुलगी राजनंदिनी भारताच्या संघातून ताश्कंदला आशियाई युवा मुष्टियुद्ध स्पर्धेत उतरणार आहे. ती सध्या दिल्लीच्या सराव शिबिरात आहे. रिंगणाच्या कोपऱ्यात उभे राहायला तिचे तिथले प्रशिक्षक आहेत. मी प्रेक्षकांत असेन. पण माझा आवाज पत्र्याच्या गोडाऊनमध्ये तयार झालेला आहे, तो प्रेक्षकांतून कोपऱ्यापर्यंत जाईल. परवा परभणीहून रेल्वेने दिल्ली, आणि दिल्लीहून विमान. बॅग भरून झाली, उपसून झाली, परत भरून झाली.

पासपोर्टच्या कामासाठी वकीलसाहेबांकडे गेले होते. कागद चाळताना त्यांनी सहज विचारले, "गोडाऊन तुमच्या नावावर आहे ना? तुमच्या पश्चात कुणाला?" मी म्हणाले, त्याचा विचार केलेला नाही. तेव्हा त्यांनी समजावले की मूलबाळ नसलेल्या बाईला नवऱ्याकडून आलेली मिळकत, तिने काही लिहून ठेवले नसेल तर, नवऱ्याच्या माणसांकडे परत जाते. म्हणजे माझे दीर, राजनंदिनीचे वडील महारुद्रभाऊजी यांच्याकडे. आणि भाऊजी तर याच दिवाळीत फराळाचे ताट हातात घेऊन सगळ्यांदेखत म्हणाले होते, "वहिनी, तुमच्या माघारी तिथं गाळे पाडू. मेन रोडचा फ्रंट हाय. मोबाइलचं दुकान, हॉटेल, लय चालतंय." गोडाऊन म्हणजे आमचा हॉल. रोज संध्याकाळी तिथे मुली मुष्टियुद्ध शिकतात. मी विमानातून खाली उतरले नाही, तर मुलींचा हॉल जाणार.

वकीलसाहेबांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, दिरांनाच साक्षीदार करा, त्यांनी वाचून सही केली की पुढे वाद उभा राहणार नाही. दुसरी, ज्याला काही देणार त्याला साक्षीदार करू नका. मी हो म्हणाले आणि वाटेतच कागद घेतले.

कलम १. वकीलसाहेब म्हणाले होते, आधी स्थावर, मग जंगम. पण माझी सगळ्यात मोठी मिळकत काड्यापेटीपेक्षा लहान आहे आणि बाकीचे सगळे तिच्यातून आले, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

माझे वडील गोविंदराव परभणीच्या कृषी विद्यापीठात आवक-जावकचे कारकून होते. देशोदेशीच्या शास्त्रज्ञांची पाकिटे त्यांच्या टेबलावर यायची. पत्र साहेबांकडे जायचे आणि पाकिटाचा कोपरा, साहेबांना विचारून, आमच्या घरी. बाबा तो वाटीत पाण्यात भिजवत, तिकीट अलगद सोडवत आणि पालथ्या ताटावर वाळत घालत. एकदा वाटीतून हंगेरी देशाचे तिकीट वर आले. दोऱ्यांनी आखलेल्या रिंगणात दोन माणसे. एकाची चड्डी लाल, दुसऱ्याची निळी. हातांत भोपळ्याएवढे हातमोजे.

"बाबा, हे भांडायलेत का?"

"न्हाई बेटा, खेळायलेत. देशादेशांतली स्पर्धा हाय. भांडणाचं कुणी तिकीट काढतं का?"

हे उत्तर मला इतके आवडले की मी त्या दिवसापासून त्या लाल चड्डीवाल्यासारखी उभी राहू लागले. लालच का, तर टपालाचा शिक्का तिरपा पडला होता. निळ्याचे तोंड त्याखाली गेले होते आणि लालचे पाय. ज्याला तोंड आहे त्याला मी गुरू केले. त्याचा उजवा हात पुढे होता, म्हणून मी उजवा हात पुढे आणि त्याला शोभेल असा उजवा पाय पुढे ठेवला.

पुढे फार उशिरा कळले की जगातले बहुतेक मुष्टियोद्धे डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवतात. लाल चड्डीवाला डावखुरा होता, म्हणून उलटा उभा होता. मी डावखुरी नाही. पण शिक्का जरा खाली पडला असता, तर मी निळ्याला निवडले असते आणि परभणी जिल्ह्यातल्या मुली चारचौघींसारख्या उभ्या राहिल्या असत्या. लग्नात उंबरठ्यावरचे माप ओलांडताना मी उजवा पाय पुढे टाकला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पोरगी वळणाची हाय." त्यांना काय माहीत, मला दुसरा पाय पुढे टाकताच येत नव्हता.

राहता राहिले पाय. ते शिक्क्याखाली. उभे राहणे तिकिटाने शिकवले, सरकणे कोण शिकवणार? मग मी पाय झिम्म्याचे लावले. तेच मी मुलींना शिकवले, दुसरे मला येतच नव्हते. पुढच्या हाताच्या सरळ ठोशाला आमच्याकडे 'तिकीट' म्हणतात आणि मागच्या हाताच्या जोरकस ठोशाला 'शिक्का'. हॉलमध्ये संध्याकाळी नुसता गजर चाललेला असतो: तिकीट, तिकीट, शिक्का! रस्त्यावरून जाणाऱ्या नव्या माणसाला वाटते, आत पोस्ट ऑफिस आहे आणि कर्मचारी फार चिडलेले आहेत.

निवड चाचणीत राजनंदिनीसमोरची मुलगी उंचीने जास्त, हाताने लांब. पण ही उजव्या हाताने तिकिटे लावत अशी काही झिम्म्याने फिरली की समोरचीला कोणत्या बाजूला सरकावे तेच सुचेना. सामना संपल्यावर तिचे प्रशिक्षक माझ्याकडे आले. "मॅडम, ही कुठली पद्धत?" मी म्हणाले, "पोस्टातली." ते हसले, मी हसले नाही. मी खरेच सांगत होते.

हे तिकीट मी राजनंदिनीला देत आहे. अट एकच, त्याला चौकट करून भिंतीवर टांगायचे नाही. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी ते तिच्या तळहातावर ठेवायचे आणि विचारायचे, हे भांडायलेत का? मग बाबांचे उत्तर सांगायचे. शिक्का बसलेले तिकीट पुन्हा चालत नाही, असेही बाबा सांगत. बाबा, चालते. आता ते माझ्या पर्समध्ये, माझ्या नवऱ्याच्या सुपारीच्या डबीत बसून, सरहद्द ओलांडणार आहे.

कलम २. स्थावर. मानवतच्या मेन रोडवरचे पत्र्याचे गोडाऊन, मागच्या अंगणासह, जे माझे पती कै. बन्सीधर यांच्या वाटणीला आले व त्यांच्यानंतर माझ्या नावावर झाले, ते मी मानवत कन्या मुष्टियुद्ध मंडळाला देत आहे. मंडळाचे काम माझी पहिली विद्यार्थिनी आणि आताची प्रशिक्षक बबिता सिद्धोधन ढवळे पाहील, आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील. तिला माझ्यापेक्षा लवकर राग येतो, म्हणून तिला नेमले आहे.

मंडळाला गोडाऊन का, हे भाऊजींसाठी लिहिते, कारण त्यांना त्यातला हा भाग माहीत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात मी गोडाऊनमध्ये कोणी नाही असे पाहून थप्पीतल्या पोत्याला ठोसे मारत होते. मागे माणूस उभा आहे हे उशिरा कळले.

"त्यात तूर हाय," बन्सीधर म्हणाले. "हात मोडंल."

बस, एवढेच. नवी नवरी पोत्याला का मारते, कोणाच्या नावाने मारते, काही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आढ्याला एक पोते टांगले होते. त्यात भरली होती सरकी. कापसाच्या व्यापाऱ्याला दुसरे काय सुचणार! जड होते, घरचे होते, छान लोंबत होते. पण पत्रा गळका. पावसाळ्यात पोते भिजले आणि बघता बघता त्याला सगळीकडून हिरवे कोंब फुटले. बन्सीधर कमरेवर हात ठेवून त्याच्याभोवती फिरले. "आता ठोसे मारायचे का फवारणी करायची?" त्यानंतर पोत्यात शिंप्याकडच्या चिंध्या आल्या, पण ते कोंब त्यांनी उपटून टाकले नाहीत. मागच्या अंगणात लावले. त्यांना बोंडेही आली. त्या कापसाची वात करून मी रिंग बसवली त्या दिवशी दिवा लावला. असे गोडाऊन मी गाळ्यांसाठी सोडू शकत नाही. भाऊजींनी मला लोभी म्हटले तरी चालेल.

हॉल लग्नसमारंभाला एक दिवसही भाड्याने द्यायचा नाही. राजनंदिनीला तिथेच लग्न करायचे असेल तर करावे, पण रिंग न हलवता. अंतरपाट दोऱ्यांवर टाकता येईल.

कलम ३. गोडाऊनमागचे माझे राहते घर राजनंदिनीला. माझ्या वडिलांच्या घराचे हक्कसोडपत्र माझ्या भावाने राखी पौर्णिमेच्या दिवशी माझ्यापुढे ठेवले. बहिणी करतातच सही, म्हणून मीही केली. बदल्यात साडी मिळाली. साडी चांगली होती. मी ती एकदाही नेसलेले नाही, ती भावाच्या बायकोला परत द्यावी. राजनंदिनीने या घराचे हक्कसोड कोणालाही, कितीही चांगल्या साडीवर, लिहून देऊ नये. माहेरी मुलीच्या नावाचा एक उंबरठा असावा. कोणता पाय पुढे टाकून आत यायचे, ते तिचे तिने ठरवावे.

हे लिहीत असतानाच तिचा फोन आला.

"मोठी आई, काय करायलीस?"

"मृत्युपत्र लिहायलेय."

"आँ! अन् मला काय ठेवलंस?"

"घर अन् तिकीट."

"आईला?"

"पातेलं."

ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग वडिलांची आठवण होऊन हळू आवाजात म्हणाली, "अन् अण्णाला?"

"खुर्ची."

यावर ती हसली नाही. "मोठी आई, अण्णा सही करतील का गं? न्हाई केली अन् नंतर कोर्टात गेले, तर हॉलला कुलूपच लागंल. पोरी कुठं जातील?"

"तू तुझं वजन सांभाळ. गुळाची पोळी खाऊ नको तिकडं."

"ताश्कंदला कुठली गुळाची पोळी?"

"माझ्या बॅगेत हाय."

"मोठी आई!" ती ओरडली, आणि फोन ठेवताना आम्ही दोघी पुन्हा हसत होतो. पण तिने विचारले ते खरे आहे. हे सगळे लिहिणे त्या एका सहीवर उभे आहे.

कलम ४. माझी बँकेतली ठेव मुलींचे बूट, दातांचे पॅड आणि अंडी यांसाठी वापरावी. अंड्यांबद्दल पुढे.

कलम ५. जुने हिशेब.

शारीरिक शिक्षण महाविद्यालयात असताना एका सरांनी मला विचारले होते, "उलटी का उभी?" मी सांगितले, "तिकिटावर असंच आहे." त्यांनी ते सगळ्या वर्गाला ऐकवले आणि वर्षभर मला 'पोस्टमन' म्हणून हाक मारली. त्यांना मी राजनंदिनीच्या निवड चाचणीचा व्हिडिओ देत आहे. तो त्यांनी दोनदा पाहावा.

माझी जाऊ, भाऊजींची पत्नी सविता हिला अॅल्युमिनियमचे झाकणवाले पातेले. होग्यांच्या घरात अंडे चालत नाही. राजनंदिनीच्या अंगी ताकद पाहिजे म्हणून सविता रोज दुपारी गोडाऊनमध्ये यायची, याच पातेल्यात अंडी उकडायची आणि टरफले कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्यांखाली लपवायची. "अक्का, ह्यांना कळलं तर मला माहेरी धाडतील." मी म्हणायचे, "धाडू दे. तिथं कोंबड्या हायत." या घराण्यातला पहिला आंतरराष्ट्रीय खेळाडू त्या पातेल्यातून निघाला आहे. ते घासताना तार वापरू नये.

कलम ६. माझे दीर श्री. महारुद्र होगे यांना लोखंडी घडीची खुर्ची. ही बन्सीधर यांची दुकानातली खुर्ची. राजनंदिनी पहिल्यांदा जिल्हा स्पर्धेत उतरली तेव्हा मी ती टेम्पोत घालून परभणीला नेली आणि रिंगणाजवळ भाऊजींसाठी मांडली. भाऊजींनी लेकीला गाडीने सोडले, आत मात्र आले नाहीत. "पोरीचं नाक मोडलं तर लग्न कोण करील तिच्याशी?" असे म्हणून बाहेर गाडीतच बसून राहिले. लेक जिंकली. खुर्ची रिकामी. त्या दिवसापासून ती हॉलमध्ये रिंगणाशेजारी मांडलेली आहे. तिच्यावर कोणी बसत नाही. नव्या मुलींना बबिता सांगते, "ती अण्णांची हाय." मुलींना वाटते, अण्णा वारले.

मला कळते की खुर्ची दिली तर भाऊजी साक्षीदार होऊ शकत नाहीत, आणि त्यांची सही तर मला हवीच आहे. सकाळपासून हे कलम तीनदा खोडायला घेतले. जमले नाही. सहीसाठी मी त्यांची जागा काढून घेणार नाही. खुर्ची राहील. साक्षीदाराची ओळही राहील. दोन्ही त्यांच्यासमोर ठेवीन.

कलम ७. माझ्या अंत्यविधीला मुलींनी रडू नये असे लिहिणार होते, पण राजनंदिनी ऐकणार नाही. रडावे. नंतर हॉल उघडावा. त्या दिवशी सराव बुडवायचा नाही.

जोडमजकूर. सही करण्यापूर्वी, त्याच टेबलावर.

वरचे सगळे मी आज दुपारी महारुद्रभाऊजींपुढे ठेवले. डॉ. मधुवंती साक्षीला आल्या होत्या. सविता दारात पदर हातात धरून उभी होती. भाऊजींनी चष्मा लावला आणि हळूहळू वाचत गेले. सरकीच्या कोंबांपाशी थांबले. दादाची आठवण आली असावी, कारण चष्मा पुसला. मग पाचवे कलम आले आणि त्यांनी दाराकडे पाहिले.

"अंडी?"

"औषध व्हतं ते," सविता म्हणाली.

"औषधाचा वास मला कळत न्हाई व्हय? इतकी वर्सं गप बसलो ना?"

सविताचा पदर हातातून सुटला. डॉक्टरबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. भाऊजी सहाव्या कलमावर आले. तिथे ते बराच वेळ होते. माझा रक्तदाब आता मोजला असता तर डॉक्टरबाईंनी विमान रद्द केले असते.

"वहिनी, पेन द्या."

मी दिले. त्यांनी सही केली नाही. पेन टेकवले आणि खुर्चीच्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"भाऊजी," मी म्हणाले, "एवढा राग?"

"राग कशाचा? खुर्ची कशाला पाहिजे मला? बसून बघवतं का?" त्यांचा आवाज चढला. "तिकडं कुणी पोरीला मारायलंय अन् मी इकडं खुर्चीत बसू? त्या दिवशी गाडीत बी बसवंना मला. गाडीत बसलो म्हणून सांगितलं तुम्हाला. स्टेडियमच्या भिंतीला लागून उभा व्हतो. लोक वरडले की पाय कापायचे, तिनं मारलं का तिला मारलं, काय कळंना. बसणाऱ्याला द्या खुर्ची. मी उभा ऱ्हातो."

"अन् गाळे?" हे सविताने विचारले. मला विचारवत नव्हते.

"मेन रोडवर जागा कमी हायत का? गिऱ्हाईक दुसरीकडं बघंल." मग ते माझ्याकडे वळले, अगदी व्यापाऱ्यासारखे. "वकील काय म्हणलेत? ज्याला काय मिळतं त्याची साक्ष चालत न्हाई. बरोबर? आता ह्या कागदात मला काय मिळायलंय?"

"काहीच न्हाई, भाऊजी."

"मग चालतंय ना मी?"

मी हो म्हणाले असावे. डॉक्टरबाई सांगतात की मी नुसतीच उजवा पाय पुढे टाकून उभी राहिले होते.

कलम ६ मधील खुर्चीबाबतची ओळ श्री. महारुद्र होगे यांनी खोडली आहे. ती खोडाखोड मला मान्य आहे. खुर्ची आता बबिताने हॉलच्या दारात ठेवावी, मुलींना न्यायला येणाऱ्या आयांसाठी. बाकीचे सर्व जसेच्या तसे कायम. हे मी वाचून, समजून, आनंदाने सही करून दिले आहे.

ठिकाण: मानवत, जि. परभणी
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार:
कावेरी बन्सीधर होगे (सही)

आम्ही दोघांनी कावेरीबाईंना आमच्यादेखत सही करताना पाहिले आहे.

साक्षीदार:
१. डॉ. मधुवंती देशपांडे, मानवत (सही). रक्तदाब पुन्हा तपासला. प्रवासास हरकत नाही.
२. महारुद्र होगे, आडत व्यापारी, मानवत (सही, खोडलेल्या ओळीशेजारीही सही). पोरीची मॅच आपल्या टायमानं किती वाजता हाय, ते वहिनींनी तिकडून कळवावं. त्या टायमाला दुकान बंद ऱ्हाईल.